आधी गाव, मग आडनाव

महोदय,

पुणे, देवळाली, अहिल्यानगर, महाबळेश्वर अशा ठिकाणच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत एखादा इंग्रज पाहुणा खापरपणजोबांची कबर शोधत येतो. स्थानिक मंडळी घाणेरी तोडून दगड मोकळा करतात, फोटो निघतो, बातमी छापून येते. बातमी तिथे संपते. शोध मात्र अर्ध्यावरच असतो. दगडावर नाव, वय, पलटण आणि मृत्यूची तारीख असते. तो माणूस कोणत्या खेड्यातून आला, त्याच्या बापाची शेती होती की तो गावच्या धर्मादायावर वाढला, हे कळायला इंग्लंडमधल्या त्या खेड्याचे कागद पाहावे लागतात. त्याच कागदांची चौकशी आता दुसऱ्या बाजूनेही होते: इंग्लंडच्या खेड्यांत जुनी घरे घेऊन राहिलेली मराठी कुटुंबे, घरात इंग्रज सून किंवा जावई आलेली कुटुंबे. दोन्हीकडचे लोक एकच चूक करतात. संकेतस्थळावर आडनाव टाकतात आणि जुळणारा पहिला माणूस आपलाच, असे धरून चालतात.

त्र्यंबकेश्वरचा उपाध्याय असा फसत नाही. यजमान दारात आला की तो आधी मूळ गाव विचारतो, आडनाव नंतर, कारण गाव कळल्याशिवाय त्याला नेमकी वही काढता येत नाही. इंग्लंडातले जुने कागदही गावनिहायच लावलेले आहेत. तिथे गावाच्या जागी पॅरिश. ही केवळ एका चर्चची हद्द नव्हती. जन्म-लग्न-मरणाची नोंद, गरिबांचे पोट, रस्त्यांची डागडुजी, पिकाचा दशमांश, सगळा कारभार याच हद्दीत चाले. म्हणून काम सुरू करताना माणूस बाजूला ठेवावा आणि पॅरिशची हद्द नकाशावर काढावी.

उदाहरण म्हणून नैऋत्य इंग्लंडमधल्या डेव्हन काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा प्रदेश) पूर्व भागातले कॉलिटन घेऊ. अष्टकोनी मनोऱ्याच्या सेंट अँड्र्यू चर्चचे हे गाव अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. त्याचे कारण पुढे येईलच. जुन्या कॉलिटन पॅरिशखाली शूट आणि मंक्टन ही दोन उपचर्चे होती. शूटच्या माणसाची नोंद शूटच्या वहीत नसेल तर ती कॉलिटनच्या वहीत पाहायची. १८३६ पासून कॉलिटन गरीब-कायद्याच्या कारभारासाठी ॲक्समिन्स्टर युनियनमध्ये, म्हणजे अनेक पॅरिशांच्या एकत्र गटात, गेले आणि जन्म-मृत्यूच्या सरकारी नोंदणीचा जिल्हाही ॲक्समिन्स्टरच झाला. त्यामुळे सरकारी नोंदणीच्या सूचीत 'ॲक्समिन्स्टर' दिसले म्हणून माणूस ॲक्समिन्स्टर शहरात जन्मला असे होत नाही. आजूबाजूच्या डझनभर पॅरिशांपैकी तो कुठचाही असू शकतो. १८५२ नंतरच्या सूचीत डेव्हनचा खंड '५बी' असतो, तोही जिल्ह्यापलीकडे काही सांगत नाही.

त्यात काउंटीच्या सीमाही सरकत आल्या आहेत. शेजारचे स्टॉकलंड १८४४ पर्यंत चारी बाजूंनी डेव्हन असूनही डॉर्सेटचे होते, तर थॉर्नकोम डॉर्सेटमध्ये असून डेव्हनचे. त्या वर्षी दोघांची अदलाबदल झाली. चार्डस्टॉक आणि हॉकचर्च १८९६ मध्ये डॉर्सेटमधून डेव्हनमध्ये आली. एकच बाई एका जनगणनेत डॉर्सेटची आणि पुढच्या एखाद्या जनगणनेत डेव्हनची निघाली तर ती खोटे बोलली असे समजू नये.

आता नोंदवह्या. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने सप्टेंबर १५३८ मध्ये हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवावी. कॉलिटनची वही त्याच वर्षी सुरू होते आणि बरीचशी सलग आहे. हे भाग्य फार थोड्या गावांचे. पुष्कळ गावांच्या वह्या १५५८ पासूनच सापडतात आणि लोकांना वाटते की त्याआधीच्या जळाल्या असतील. कारण वेगळे आहे. १५९८ मध्ये आदेश निघाला की जुन्या कागदी वह्या चर्मपत्रावर उतरवून घ्याव्यात, पहिल्यापासून, विशेषतः एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणापासून. ते 'विशेषतः' पाहून अनेक पाद्र्यांनी १५५८ च्या मागचे उतरवलेच नाही. म्हणून १५५८ ते १५९८ ही चाळीस वर्षे एकाच हस्ताक्षरात, एकाच शाईत दिसली तर ती नक्कल आहे हे ओळखावे आणि नकलेच्या चुका गृहीत धराव्यात: गळलेली ओळ, बदललेले वर्ष, बापाच्या जागी मुलाचे नाव.

त्याच आदेशानुसार वर्षाच्या नोंदींची एक प्रत बिशपकडे पाठवायची होती. या बिशप-प्रती मूळ वहीइतक्याच महत्त्वाच्या आहेत. मूळ वही ओलीने गेली असेल तिथे त्या उपयोगी पडतातच, पण दोन्ही शाबूत असल्या तरी ताडून पाहाव्यात. पाठवताना कारकुनाने कधी एखादे नाव सुधारले, कधी गाळले. सगळ्या वर्षांच्या प्रती मात्र उरलेल्या नाहीत. १६४२ पासून १६६० पर्यंत, यादवी युद्ध आणि राजाविना राज्य या काळात, बहुतेक ठिकाणी खिंडार आहे. १६५३ नंतर काही वर्षे नोंद पाद्र्याकडून काढून मुलकी नोंदणीदाराकडे दिली होती आणि तेव्हा कित्येकदा बाप्तिस्म्याऐवजी जन्मतारीख लिहिली जाई.

तारखांत सर्वांत जास्त माणसे घसरतात. १७५१ पर्यंत इंग्लंडचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. वहीत '१० फेब्रुवारी १७२०' असेल तर आपल्या हिशेबाने ते १७२१. हे ध्यानात घेतले नाही तर डिसेंबर १७२० मध्ये बाप्तिस्मा झालेले मूल जन्माच्या दहा महिने आधीच दफन झालेले दिसते. उतरवून घेताना '१७२०/२१' असे दुहेरी लिहावे. आपल्या मनाने एकच वर्ष करून ठेवले की पुढच्या माणसाला कळत नाही की दुरुस्ती झाली आहे की व्हायची आहे. १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला, त्यामुळे मधल्या अकरा दिवसांची नोंद शोधण्यात अर्थ नाही.

नोंदीत काय असेल हे वर्षावर ठरते. सुरुवातीच्या काळात 'अमक्याचा मुलगा जॉन' एवढेच; आईचे नाव बऱ्याचदा नाहीच. लॅटिनमध्ये असेल तर जाकोबस म्हणजे बहुतेकदा जेकब नव्हे, जेम्स. गुलिएल्मस म्हणजे विल्यम. २५ मार्च १७५४ पासून लग्नाचा कायदा बदलला: ज्यू आणि क्वेकर सोडून सर्वांनी इंग्लंडच्या चर्चमध्येच लग्न करायचे, दोन साक्षीदार, वधूवरांची सही किंवा फुली. या सह्या सोन्याच्या मोलाच्या आहेत. गावात एकाच नावाचे तीन थॉमस असतील तर लग्नाची सही, मृत्युपत्रावरची सही आणि चर्चवॉर्डनच्या (चर्चची व्यवस्था आणि हिशेब पाहणाऱ्या गावकऱ्याच्या) हिशेबावरची सही शेजारी ठेवली की कोणता कोण ते सुटते. १ जानेवारी १८१३ पासून बाप्तिस्मा आणि दफनाच्या छापील वह्या आल्या, पानावर आठ नोंदी; बाप्तिस्म्यात आईबापांची नावे, बापाचा धंदा आणि वस्ती, दफनात वय आणि वस्ती. १ जुलै १८३७ पासून सरकारी नोंदणी सुरू झाली आणि लग्नाच्या दाखल्यात दोन्ही बापांची नावे व धंदे येऊ लागले. आयांची नावे यायला २०२१ उजाडावे लागले.

सरकारी नोंदणी सुरू झाली म्हणून सर्व जन्म नोंदले गेले असेही नाही. १८७५ पर्यंत जन्म न नोंदवल्याबद्दल आईबापांना दंड नव्हता, त्यामुळे खेड्यात गळती आहे. तिथे बाप्तिस्म्याची वहीच कामाला येते. सूची तिमाहीची असते आणि नोंद जन्मानंतर ४२ दिवसांपर्यंत करता येई, म्हणून डिसेंबरचे मूल पुढच्या वर्षाच्या मार्च तिमाहीत शोधावे. सरकारी नोंदणी कार्यालयाच्या नव्या ऑनलाइन सूचीत आईचे माहेरचे आडनाव १८३७ पासून दिले आहे. जुन्या छापील सूचीत ते सप्टेंबर १९११ पासूनच होते. ज्यांनी पूर्वी जुन्या सूचीवरून काम केले त्यांनी एकदा नव्या सूचीतून फेरी मारावी. अर्धे गोंधळ तिथेच मिटतात.

कामाची दिशा नेहमी उलटी, आजकडून मागे. खात्रीचा शेवटचा कागद हातात घ्यायचा आणि त्यातून एकच पायरी मागे जायचे. जनगणनेत १८५१ हे वर्ष कळीचे, कारण त्या वर्षापासून घरातल्या प्रत्येकाचे कुटुंबप्रमुखाशी नाते आणि जन्माची पॅरिश लिहिली गेली. १८४१ च्या जनगणनेत नाते नाही, आणि पंधरा वर्षांवरच्यांचे वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची सूचना होती: २४ चा माणूस २० होतो. जन्मस्थळाच्या रकान्यात याच काउंटीत जन्मला का, एवढेच हो-नाही. १९२१ पर्यंतच्या जनगणना खुल्या आहेत, १९३१ ची आगीत जळाली, १९४१ ची झालीच नाही. मधली पोकळी सप्टेंबर १९३९ च्या युद्धकालीन नोंदवहीने थोडी भरते.

बाप्तिस्मा सापडला की हुरळून जायचे नाही. पहिले काम: त्याच नावाच्या मुलाचे दफन पुढच्या दहा वर्षांत आहे का ते पाहायचे. मूल दगावले की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवण्याची रीत होती, आणि इंटरनेटवरच्या कितीतरी वंशावळी दोन वर्षांच्या वयात मेलेल्या मुलांपासून पुढे वाढवलेल्या आहेत. दुसरे काम: दहा मैलांच्या परिघातल्या सगळ्या पॅरिश तपासायच्या. आपले मूल कॉलिटनमध्येच सापडले म्हणून ते आपले ठरत नाही. त्याच वर्षी त्याच नावाचे मूल मस्बरीत किंवा सीटनमध्ये नाही, हे दाखवता आले तर ठरते. तिसरे, सूचीवर थांबायचे नाही, पानाचा फोटो उघडायचा. सूची करणाऱ्याने समासातली टीप घेतलेली नसते आणि समासात 'अनौरस', 'घरी बाप्तिस्मा, नंतर चर्चमध्ये स्वीकार', 'वय २२' अशी मोलाची अक्षरे असतात. बाप्तिस्मा म्हणजे जन्म नव्हे, हे 'वय २२' वरून पटावे.

शब्दही दगा देतात. लग्नाच्या नोंदीतले 'या पॅरिशचा' म्हणजे तेव्हा इथे राहणारा. जन्म इथला असे नाही. 'सीनियर' आणि 'ज्युनियर' हे बापलेक असतीलच असे नाही, गावातले त्या नावाचे थोरला आणि धाकटा एवढाच अर्थ. जुन्या कागदातला 'सन-इन-लॉ' पुष्कळदा जावई नसून सावत्र मुलगा असतो. अठराव्या शतकातली 'मिसेस' अविवाहितही असू शकते. ऑक्टोबर १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता आणि गरिबांना तो माफ होता. त्या वर्षांत नावापुढे गरिबाची खूण दिसली तर माणूस खरोखर कंगाल होता की पाद्री दयाळू होता, हे दुसऱ्या कागदाशिवाय सांगता येत नाही.

वह्यांइतकाच, आमच्या मते वह्यांहून जास्त, माणूस सापडतो तो पॅरिशच्या पेटीत. ही खरोखर लाकडी पेटी असे, तीन कुलुपांची: एक किल्ली व्हिकरकडे (गावच्या पाद्र्याकडे), दोन चर्चवॉर्डनांकडे. आत गावाचा सगळा हिशेब. १६०१ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशवर आपल्या गरिबांना पोसण्याची जबाबदारी आली आणि त्यासाठी ओव्हरसियर नेमले गेले. त्यांच्या खतावणीत कोणाला जोडे दिले, कोणाला सदऱ्याचे कापड, कोणाच्या शवपेटीला किती पेन्स, हे तारीखवार असते. ज्याच्याकडे जमीन नव्हती, मृत्युपत्र नव्हते, त्याचे आयुष्य इथेच उरले आहे. चर्चवॉर्डनांच्या हिशेबात तर १५६६ च्या कायद्यानुसार उपद्रवी प्राणी मारल्याची बक्षिसे दिसतात, कोल्ह्याच्या डोक्याला बारा पेन्स आणि काटेरी हेजहॉगला दोन. हेजहॉग गाईचे दूध पितो अशी समजूत होती. बिचाऱ्याच्या नावावर पानेच्या पाने खर्च पडलेला आहे.

पोसायचे तर कोणाला, हा वाद आलाच. १६६२ च्या कायद्याने प्रत्येक माणसाची एक हक्काची पॅरिश ठरली. बापाची तीच मुलांची, नवऱ्याची तीच बायकोची. शिवाय वर्षभराची चाकरी, उमेदवारी, किंवा वर्षाला दहा पौंड भाड्याची जागा यांनी नवीन हक्क मिळे. माणूस मदतीला आला की दोन न्यायाधीशांपुढे शपथेवर त्याची तपासणी होई: कुठे जन्मला, कोणाकडे किती महिने चाकरी केली, पगार किती, लग्न कुठे, मुले किती. एका फुलस्केप पानात शेतमजुराचे अख्खे चरित्र, तेही त्याच्या तोंडचे. हक्क दुसरीकडचा निघाला तर हकालपट्टीचा हुकूम निघे आणि बायकामुलांसह त्याला त्या पॅरिशमध्ये पोचवले जाई. म्हणून शेतकरी चाकर ठेवत ते एक्कावन्न आठवड्यांसाठी; बावन्नावा आठवडा भरला की माणूस गावाच्या गळ्यात पडे. तपासणी एका पॅरिशच्या पेटीत, हुकमाची प्रत दुसऱ्या पॅरिशच्या पेटीत आणि अपील झाले असेल तर काउंटीच्या त्रैमासिक न्यायसभेच्या दप्तरात. एकीकडे सापडले नाही म्हणून सोडून देऊ नये.

डेव्हनमध्ये गरिबांची मुले आठ-नऊ वर्षांची झाली की शेतकऱ्यांना वाटून दिली जात, कराराच्या कागदासह. मुलगा चोविसाव्या वर्षापर्यंत बांधलेला असे. १७७८ नंतर एकविसाव्या. आईबापांच्या घरात जनगणनेत किंवा हिशेबात मूल दिसत नसेल तर मेले असे मानण्याआधी हे करार पाहावेत.

जमिनीच्या कागदांत मराठी वाचकाला घरच्यासारखे वाटेल. १८३६ च्या कायद्याने पिकाचा दशमांश धान्यरूपात देण्याऐवजी रोख केला गेला आणि त्यासाठी पॅरिशवार मोजणी झाली. नकाशावर प्रत्येक तुकड्याला क्रमांक आणि सोबतच्या तक्त्यात मालक, कसणारा, शेताचे नाव, लागवडीचा प्रकार, क्षेत्र आणि देणे. म्हणजे जवळपास सातबाराच. क्षेत्र एकर-रूड-पर्चमध्ये असते: चार रूडांचा एकर, चाळीस पर्चांचा रूड. इंग्रज पोरांना हे डोकेदुखी वाटते, आपल्याला मात्र सोपे आहे, कारण एकर म्हणजे चाळीस गुंठे, तेव्हा एक रूड म्हणजे दहा गुंठे आणि चार पर्चांचा नेमका एक गुंठा. तक्त्यात ३-२-१७ असेल तर ते ३ एकर २४ गुंठे आणि वर पाव गुंठा. योगायोग नाही हा: तिकडची मोजणीची साखळी ६६ फुटांची, आणि आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे अर्ध्या साखळीचा चौरस.

या नकाशाच्या तीन प्रती झाल्या: एक आयुक्तांकडे, ती आता लंडनमधल्या क्यू येथील राष्ट्रीय दप्तरात; एक बिशपकडे; एक पॅरिशकडे. डेव्हनचे नकाशे आणि तक्ते काउंटीने ऑनलाइन ठेवले आहेत. सगळीकडे मात्र नकाशा मिळणार नाही. इंग्लंडच्या मध्यभागात, जिथे अठराव्या शतकात संसदेच्या कायद्याने सामाईक शेते बांधबंदिस्त झाली, तिथे दशमांश तेव्हाच जमीन देऊन फेडला गेला. अशा गावांत दशमांशाच्या (टाइद) नकाशाऐवजी बांधबंदिस्तीचा निवाडा शोधायचा. डेव्हनमधली शेते त्याच्या कितीतरी आधीपासून बांधांनी वेढलेली होती, म्हणून तिथे जवळजवळ प्रत्येक पॅरिशचा नकाशा आहे. नॉटिंगहॅमशायरमधल्या लॅक्स्टनला सामाईक शेते आजही कसली जातात आणि त्यांचा १६३५ चा नकाशाही उरला आहे, पण तो अपवादच.

जुन्या घराचा इतिहास शोधणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. खेड्यातल्या जनगणनेत डावीकडे जो क्रमांक असतो तो घरक्रमांक नव्हे, गणकाच्या कागदाचा अनुक्रमांक आहे, आणि तो दर वेळी बदलतो. घर ओळखायचे तर गणकाच्या वहीच्या सुरुवातीला त्याच्या फेरीचे वर्णन असते ते वाचावे, टाइद नकाशा पुढे घ्यावा आणि ज्या दोन घरांची ओळख पक्की आहे, समजा गिरणी आणि खानावळ, त्यांच्यामध्ये तो कोणत्या क्रमाने चालला ते बोटाने काढावे. त्यानंतर ऑर्डनन्स सर्व्हेचा (तिकडच्या सरकारी नकाशाखात्याचा) मैलाला पंचवीस इंच प्रमाणाचा नकाशा लावावा. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही हे नकाशे फुकट आहेत. १९१० च्या सुमारास जमीनमूल्याच्या करासाठी पुन्हा घरोघर पाहणी झाली. तिच्या क्षेत्रपुस्तिका क्यूला 'आयआर ५८' या मालिकेत आहेत आणि त्यांत खोल्या किती, छप्पर कशाचे, दुरुस्ती कशी, एवढे सापडते.

मृत्युपत्रांच्या बाबतीत डेव्हनवर घाला पडला. १२ जानेवारी १८५८ पूर्वीची मृत्युपत्रे चर्चच्या न्यायालयांत सिद्ध होत. एक्सेटरला जमा असलेला तो सगळा साठा मे १९४२ च्या जर्मन बॉम्बहल्ल्यात जळाला. तरी वाटा आहेत. मोठ्या मालमत्तांची मृत्युपत्रे कँटरबरीच्या न्यायालयात गेली, ती क्यूला 'प्रॉब ११' मध्ये सुरक्षित आहेत. १८११ पासून १८५७ पर्यंत करखात्यासाठी केलेल्या प्रती एक्सेटरच्या डेव्हन हेरिटेज सेंटरमध्ये आहेत. जळण्यापूर्वी काही अभ्यासकांनी करून ठेवलेले गोषवारेही तिथेच पाहता येतात. 'डेव्हनची मृत्युपत्रे नाहीत' असे सांगणाऱ्यावर विसंबू नये.

कॉलिटनची प्रसिद्धी त्या सलग वह्यांमुळे. केंब्रिजचे इतिहासकार ई. ए. रिग्ली यांनी १९६६ मध्ये या गावाच्या १५३८ ते १८३७ च्या नोंदींवरून कुटुंबे पुन्हा जुळवून दाखवली. पद्धत घरीही करता येते: प्रत्येक बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची वेगळी चिठ्ठी, तीन रंगांत, मग एका जोडप्याच्या लग्नाभोवती त्यांच्या आणि मुलांच्या चिठ्ठ्या एका तक्त्यावर लावायच्या. नियम कडक आहे. कुटुंब गावात होते याचा पुरावा जिथवर आहे तिथवरच मोजायचे. त्यापुढे नोंद नाही म्हणजे मूल झाले नाही, असा अर्थ काढायचा नाही. या हिशेबात सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात कॉलिटनच्या बायकांचे पहिल्या लग्नाचे सरासरी वय तिशीच्या जवळ गेलेले निघाले. १६४५-४६ च्या प्लेगनंतर गाव सावरायला किती काळ लागला तेही त्यातच दिसले. नंतर इतरांनी शंका काढली की कॉलिटनमध्ये सरकारी चर्चपासून फुटलेले लोक जोरात होते, त्यांची लेकरे या वहीत आलीच असतील कशावरून? शंका रास्त आहे आणि ती आपल्या घरच्या शोधालाही लागू आहे. वहीत कुटुंब अचानक नाहीसे झाले तर ते गाव सोडून गेले, मेले, की दुसऱ्या प्रार्थनागृहात जाऊ लागले, हे तिन्ही तपासावे. अशा प्रार्थनागृहांच्या वह्या १८३७ नंतर सरकारने गोळा केल्या. त्या क्यूला 'आरजी ४' मध्ये आहेत.

अक्षराची भीती वाटते, पण मोडी शिकलेल्याला ती वाटू नये. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या लपेटीत 'सी' हे अक्षर 'आर'सारखे दिसते आणि शब्दाच्या सुरुवातीला दोन 'एफ' म्हणजे एकच मोठा 'एफ'. सुरुवात १८१३ पासून करावी आणि त्याच गावच्या वहीतून पाना-पानाने मागे जावे. गावातली आडनावे आणि वाड्यांची नावे पाठ झाली की अक्षर आपोआप सुटते. हेसुद्धा गाव आधी घेण्याचे एक कारण.

१९७८ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या वह्या सामान्यतः बिशपक्षेत्राच्या दप्तरखान्यात ठेवाव्या लागतात, त्यामुळे थेट व्हिकरचे दार ठोठावण्याचा फारसा उपयोग नसतो. दप्तरखान्यात जाण्याआधी सूचीतून कागदाचा पूर्ण संदर्भ काढून आगाऊ मागणी करावी. आत पेन चालत नाही, पेन्सिल न्यावी. काय पाहिले आणि काय सापडले नाही, दोन्ही वर्षांसकट लिहून आणावे, नाहीतर सहा महिन्यांनी तेच पान पुन्हा उलटत बसावे लागते.

आता आपल्याकडच्या कबरींकडे येतो. मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या नोंदींच्या नकला दरवर्षी लंडनला जात. १७०९ ते १९४८ पर्यंतच्या त्या नकला ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात 'एन/३' या मालिकेत आहेत. दफनाच्या नोंदीत हुद्दा, पलटण, वय, मृत्यूचे कारण मिळते. जन्मगाव मिळत नाही. ते पलटणीच्या कागदांत शोधायचे. राजाच्या सैन्यातून निवृत्तिवेतन घेऊन सुटलेल्या शिपायाचे कागद क्यूला 'डब्ल्यूओ ९७' मध्ये आहेत आणि त्यांत 'अमुक पॅरिश, तमुक गावाजवळ, काउंटी अमुक' अशी जन्माची नोंद असते. नोकरीतच मेलेल्याचे सुटकेचे कागद बनत नाहीत, म्हणून इथे पुरलेल्या शिपायासाठी पलटणीची हजेरीपत्रके, 'डब्ल्यूओ १२' आणि नंतरची 'डब्ल्यूओ १६', पाहावी लागतात. शिपाई कंपनी सरकारच्या मुंबई फौजेतला असेल तर ही दोन्ही दालने सोडून ब्रिटिश लायब्ररीतच 'एल/मिल/१२' कडे वळायचे. कोणत्या दालनात जायचे हे फक्त पलटणीच्या नावावरून ठरते.

म्हणून आपल्या वार्ताहरांना एक विनंती. अशी बातमी देताना दगडावरचा मजकूर ओळीनुसार, आहे त्या स्पेलिंगसह, पूर्ण छापावा. पलटणीचा क्रमांक आणि तारीख गाळू नये, पुसट अक्षराच्या जागी अंदाजाने अक्षर भरू नये, टिंबे द्यावीत. दगड वाचायला खडू, राख, तारेचा ब्रश किंवा ॲसिड लावू देऊ नये. सकाळी किंवा उन्हे कलल्यावर, नाहीतर बाजूने बॅटरी तिरपी धरून फोटो घेतला की झिजलेली अक्षरेही उठून दिसतात. तो फोटो पाहुण्याच्या गळ्यातल्या हारासह काढलेल्या फोटोपेक्षा मोठा छापला तर फारच उत्तम.

आपले नम्र,
काही वाचक, पुणे आणि डेव्हन